कमी चाललेली

वापरलेल्या स्पोर्ट्स कारच्या बाजारात गाडीचा सर्वांत मोठा गुण कोणता, तर ती वापरलेली नसणं. साधी जुनी गाडी विकणारा निदान म्हणतो, ‘रोज ऑफिसला नेत होते साहेब, एकदा अडली नाही.’ इथे असं म्हणणं ही गाडीची बदनामी. ‘चाललीच नाही, सर,’ हे इथलं कौतुक. ‘संडे कार आहे.’ ‘पावसात कव्हर काढलं नाही.’ ‘मालक डॉक्टर, वेळच कुठे होता!’ पळण्यासाठी जन्माला आलेल्या गाडीची किंमत ती किती उभी राहिली यावर ठरते, आणि यात काही वावगं आहे असं विकणारा-घेणारा दोघंही चेहऱ्यावर दिसू देत नाहीत.

मला हे कळलं ते भाच्यामुळे. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, चाळिशी ओलांडलेला, घराचे हप्ते फेडून मोकळा झालेला. हप्ते फिटले की मराठी माणसाला तीन रस्ते दिसतात: दुसरा फ्लॅट, कोकणात जागा किंवा युरोपची टूर. याला चौथाच दिसला. त्याला पोर्शची बॉक्स्टर हवी होती. नवी परवडण्यातली नव्हती, पण दहा-अकरा वर्षं जुनी, 981 नावाने ओळखल्या जाणाऱ्या पिढीतली बॉक्स्टर बऱ्यापैकी नव्या एसयूव्हीच्या भावात मिळते, हा शोध त्याने लावला होता. मला गाड्यांतलं कळतं म्हणून तो मला नेत नव्हता. ‘मामा, तू फक्त गंभीर चेहरा करून उभा राहा,’ म्हणाला. ‘वडीलधारं माणूस बरोबर असलं की भाव कमी होतो.’

मुंबईच्या उपनगरातलं ते दुकान काचेचं होतं. आत थंडगार हवा, कॉफी, ग्रीसचा वासही नाही. जुनी गाडी बघायला गेलं की आधी बॉनेट उघडायला लावायचं, इंजिनाकडे बघून ‘हं’ म्हणायचं, ही आमच्या पिढीची रीत. मी तेच केलं. तिथल्या मुलाने पुढचं झाकण उघडलं. आत गालिचा घातलेला खोलगट खड्डा.

‘ही डिकी, अंकल. 150 लीटर.’

मी मागे गेलो. मागचं झाकण उघडलं. तिथेही डिकीच, 130 लीटरची. वरच्या बाजूला फक्त दोन बुचं, एक ऑइलचं आणि एक कूलंटचं.

‘इंजिन?’

‘ते मध्ये आहे, सीटच्या मागे. दिसत नाही.’

‘मग बघायचं कसं?’

‘बघायची गरजच पडत नाही, अंकल.’

ऑइलची पातळी बघायची कांडीसुद्धा नाही. ती म्हणे डॅशबोर्डवरच्या पडद्यावर दिसते. सहा सिलिंडर, 2.7 लीटर, 265 अश्वशक्ती, आणि बघणाऱ्याच्या वाट्याला दोन बुचं. ‘हं’ म्हणायला जागाच न मिळाल्याने माझा गंभीर चेहरा पहिल्या पाच मिनिटांत निकामी झाला.

मग आत बसायला गेलो. बसायला म्हणणं बरोबर नाही, उतरायला गेलो. विहिरीच्या पायरीवर पाय शोधावा तसा आधी एक पाय आत सोडायचा, मग उरलेल्या देहाने देवावर भरवसा ठेवायचा. बसल्यावर मात्र बरं वाटलं, कारण आता उठायचं नव्हतं. उठायची वेळ आली तेव्हा त्या मुलाने न सांगता हात पुढे केला. त्याच्या हाताची सफाई बघून इथली बाकीची गिऱ्हाइकं कोणत्या वयाची असतात ते समजलं. ही गाडी परवडण्याचं वय आणि तिच्यातून एकट्याने बाहेर येण्याचं वय, यांच्यामध्ये फार थोडी वर्षं असतात. भाचा नेमका त्यांत होता.

गाडी पांढरीशुभ्र, सिंगल ओनर, 9 हजार किलोमीटर चाललेली. डॅशबोर्डच्या खणातल्या माहितीपुस्तिकेचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. नंबर झारखंडचा होता. तिथे कर कमी पडायचा, म्हणून मुंबईच्या कितीतरी महागड्या गाड्या एके काळी कागदोपत्री रांचीकडच्या झाल्या. सिंगल ओनर म्हटलं की मला आपल्या सचिनची फेरारी आठवते. कसोटीत ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केल्याबद्दल 360 मोडेना मिळाली, 2002 साली सिल्व्हरस्टोनला खुद्द शूमाकरच्या हातून. पुढे तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून वाद झाला आणि 2011 साली ती सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. विकणाऱ्याला मालकाबद्दल एकही थाप मारावी न लागलेली जुनी गाडी बहुधा तेवढीच.

पण 9 हजार किलोमीटर! वर्षाला हजारही नाहीत. रिक्षावाला एवढे दोन-तीन महिन्यांत करतो. मालक आळशी होता असं नव्हे. अशी गाडी चालवायची नसण्याची कारणं आपल्याकडे बारमाही पिकतात. चार महिने पाऊस. पावसानंतर खड्डे. खड्डे बुजवून झाले की गणपती, मग दिवाळीची गर्दी. उरलेल्या दिवसांत सोसायटीच्या तळघराच्या उतारावर पुढचा ओठ घासतो. हॉटेलात न्यावी तर चावी व्हॅलेच्या पोराच्या हातात द्यावी लागते. लग्नाला न्यावी तर दोनच माणसं बसतात आणि तिसरं रुसतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, म्हणजे गाडीला अलगद चढू-उतरू देणारा आहे. आपल्या गल्लीतला मात्र नगरसेवकाच्या मर्जीने झालेला असतो. त्यावरून ही गाडी तिरकी काढावी लागते, आणि ती तिरकी असेपर्यंत मागचे सगळे हॉर्न वाजवतात.

हे सगळं जमवून एखाद्या रविवारी पहाटे ती द्रुतगती मार्गावर आणलीच, तर? कंपनीच्या आकड्यांप्रमाणे शून्यावरून शंभरावर जायला ऑटोमॅटिक गिअरच्या या गाडीला 5.7 सेकंद लागतात. द्रुतगती मार्गाची वेगमर्यादाही सपाटीला शंभरच. म्हणजे टोलनाका सोडल्यावर सहाव्या सेकंदाला तिचं कायदेशीर काम संपलं. पुढे लोणावळ्यात इडली खाईपर्यंत ती आणि शेजारची वॅगन आर एकाच वेगाने जातात. तिचा कमाल वेग ताशी 262 किलोमीटर. त्यातले 162 मालकाने विकत घेतलेले असतात, वापरायचे नसतात.

भाच्याने एक मिस्त्री हाताशी धरला होता. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढून आता स्वतःचं गॅरेज टाकलेला. पाना-पकड न आणता तो लॅपटॉप घेऊन आला. स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि गाडीची कुंडली पडद्यावर उघडली. या इंजिनाचा संगणक एक रोजनिशी लिहीत असतो: इंजिन एकूण किती तास चाललं, आणि ठरल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं गेलं, त्याच्या सहा टप्प्यांतल्या नोंदी. ओडोमीटर मागे फिरवणारे भेटतात, पण या रोजनिशीत खाडाखोड करणं त्यांना सहसा जमत नाही.

सहाही टप्प्यांत शून्य. विकणारा मुलगा खूश झाला. मिस्त्रीने मात्र किलोमीटरला तासांनी भागलं आणि लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. इंजिन 500 तास चाललं होतं. सरासरी वेग ताशी 18 किलोमीटर.

‘ट्रॅफिक?’ भाच्याने विचारलं.

‘ट्रॅफिक असेलच. पण बॅटरी उतरू नये म्हणून उभी चालू ठेवत असणार. दर रविवारी, पार्किंगमध्ये. अशी खूप येतात आमच्याकडे.’

मला तो मालक दिसायला लागला. रविवारी सकाळी आंघोळ करून, चहा घेऊन तळघरात जायचं. कव्हर काढून नीट घडी घालायची. आत उतरायचं, चावी फिरवायची (आपल्याकडच्या पोर्शमध्ये ती स्टिअरिंगच्या उजव्या हाताला असते), मागच्या सहा सिलिंडरांचा आवाज तळघरभर घुमला की दोन्ही हात चाकावर ठेवून समोरच्या खांबावरचा पार्किंगचा नंबर बघत बसायचं. वॉचमन येऊन विचारणार, ‘साहेब, बाहेर काढताय?’ आणि साहेब म्हणणार, ‘नाही रे, जरा गरम करतोय.’ हसू येण्यासारखंच आहे, पण मी हसलो नाही. त्या माणसाने पैसे वेगाचे मोजले होते आणि मिळवला होता आवाज. तेवढ्यावर त्याने इतकी वर्षं काढली, म्हणजे आवाज चांगलाच असणार.

मिस्त्री एव्हाना जमिनीवर बसला होता. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी जवळजवळ कोरी होती, तरी आकडे 2214 होते: 2014 सालचा बाविसावा आठवडा. त्याने नखाने रबर दाबून दाखवलं, ते दाबलं गेलं नाही. ‘नव्वद टक्के टायर आहेत, सर,’ मुलगा म्हणाला. ‘नव्वद टक्के दगड आहे,’ मिस्त्री म्हणाला. मग त्याने उभं राहिल्याने काय होतं ते सांगितलं: सील सुकतात, ऑइल पाझरायला लागतं, ब्रेकच्या तबकड्यांना गंज धरतो, आणि उंदरांना वायरिंगची गोडी लागते. माझी आई दरवर्षी कपाटातली पैठणी काढून उलटी घडी घालायची, नाहीतर रेशीम घडीवर विरतं म्हणायची. ही पांढरी गाडी घडीवर विरायला लागलेली होती.

‘चाललेली बघा,’ मिस्त्री म्हणाला. असं सांगणारा माणूस या बाजारात दुर्मीळ, कारण असं सांगून कुणाचंच भलं होत नाही.

चाललेली मिळाली पुण्याजवळ, हमरस्त्यालगतच्या एका साध्या डीलरकडे. ना काचा, ना कॉफी. गडद निळी, एमएच 12 पासिंग, 58 हजार किलोमीटर. हा आकडा डीलरने आवाज उतरवून सांगितला आणि लगेच पुढे जोडलं, ‘पण रेट बघा ना, सर.’ पुढच्या ओठावर दगडांचे बारीक टवके होते. ड्रायव्हरच्या सीटची डावी-उजवी कड झिजून मऊ झाली होती. खणात पाहिलं, तर फास्टॅगच्या आधीच्या काळातल्या खेड-शिवापूर आणि आणेवाडी नाक्यांच्या टोलपावत्या, पाचगणीच्या कुठल्याशा दुकानातलं स्ट्रॉबेरी क्रशचं बिल आणि एक छोटा कंगवा. छप्पर उघडणाऱ्या गाडीत कंगवा ठेवणारा माणूस गाडी चालवत होता, यासाठी लॅपटॉपची गरज नव्हती. तरी मिस्त्रीने तो जोडलाच. खालच्या दोन टप्प्यांत नोंदी होत्या, वरचे टप्पे कोरे. सरासरी ताशी 40.

‘चालवलीय,’ तो म्हणाला. ‘रगडलेली नाही.’

‘मालक का विकतायत?’ मी विचारलं. इतक्या दिवसांत माझा हा पहिला कामाचा प्रश्न.

‘मणका,’ डीलर म्हणाला.

मला तात्काळ विश्वास बसला. थाप मारायची असती तर त्याने परदेशी बदली सांगितली असती.

बाकीचं कागदांचं काम. फॉर्म 29, फॉर्म 30, पीयूसी, विमा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्यापाशीच राहतो. अपघात न करण्याचं पुण्य माणसाचं, यंत्राचं नव्हे, हे विमा कंपन्यांना बरोबर कळलेलं आहे. एजंटाचा पोऱ्या चासीच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासत बसला होता. जर्मनीत कोरलेले आकडे कागदावर एकेक उमटत होते आणि भाचा ते तोंडातल्या तोंडात वाचत होता.

गाडी घरी आली तेव्हा ताईने नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मग प्रदक्षिणा घालून विचारलं, ‘मागे बसायचं कुठे?’

मागे इंजिन आहे, असं तिला सांगण्यात आलं.

‘मग आम्हाला जेजुरीला नेणार कसं?’

‘एकेकाला नेईन,’ भाचा म्हणाला. तो हे गमतीने म्हणाला होता. आमच्या घरात अशी गंमत वाया जाऊ देत नाहीत. ताईने संध्याकाळपर्यंत सगळ्यांना फोन केले. तेव्हापासून दर रविवारी एकेक जण, डोक्याला स्कार्फ बांधून, छप्पर उघडं टाकून, दिवे घाटातून खंडोबाला जाऊन येतो. छप्पर नऊ सेकंदांत उघडतं, ताशी 50 किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही उघडतं, आणि प्रत्येकाला ते निदान दोनदा दाखवावं लागतं. मध्ये डीलरचा फोन आला होता, आरसी तयार आहे म्हणून. सहज त्याने किलोमीटर विचारले. आकडा ऐकून कळवळला. ‘सर, एवढी चालवू नका. रीसेलला मार बसेल.’

येत्या रविवारी भाच्याच्या आत्याचा नंबर आहे. त्यांच्या गुडघ्यांमुळे त्यांना गाडीतून काढायला दोन माणसं लागतात, आणि गाडीत येणारं दुसरं माणूस एकच. म्हणून मी स्वारगेटहून सकाळच्या एसटीने पुढे जाणार आहे.