दिवे लावलेत, ब्रेक कोण लावणार?

प्रति,
चाकांवरचं घर भाड्याने देणारे मालक,
महादेवपुरा, बेंगळुरू – ४८

विषय : तुमची कॅम्पर व्हॅन आंबोली घाटात बसली, त्याबद्दल.

मालक,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. जुनी मिनीबस घ्यायची, सीटा उपटायच्या, प्लायवूडचा पलंग ठोकायचा, खिडक्यांना दिव्यांच्या माळा लावायच्या आणि आयटीतल्या कुटुंबांना भाड्याने द्यायची, हा धंदा करणारे तुम्ही एकटे नाही. हे पत्र तुमच्यासकट त्या सगळ्यांना आहे.

तुमच्या जाहिरातीत अमेरिकेच्या पश्चिमेकडचे लाल डोंगर होते आणि त्यांच्यापुढे एक पांढरीशुभ्र गाडी. फोटो उचललात, त्यामागची शिस्त तिथेच सोडलीत. तिकडे अशा गाडीवर भरल्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि शौचालयाची टाकी रिकामी करायला ठरलेल्या जागा असतात. आपल्याकडेही नियम नाहीत असं नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. मूळ बनावटीशी जुळणार नाहीत असे बदल गाडीत करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत बजावलं आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. तुम्ही मात्र सुताराला बोलावलंत आणि गाडी तयार झाली म्हणून सांगितलंत.

आधी वजनाचं बोलू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टपावर दीडशे लिटरची टाकी बसवलीत, म्हणजे गाडीच्या सगळ्यात उंच जागी दीडशे किलो ठेवलेत, आणि तेही प्रत्येक वळणावर हिंदकळणारे. त्यात पलंग, ओटा, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, वर आमची माणसं आणि सामान. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरल्या गाडीचं अशी दोन्ही वजनं छापलेली असतात. हायवेवर जागोजागी वजनकाटे आहेत आणि ट्रकवाला दोन पैशांसाठी का होईना, काटा करून पावती खिशात ठेवतो. तुम्ही ही गाडी एकदाही काट्यावर उभी केली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "मॅडम, इंजिन दमदार आहे, काही होत नाही." इंजिन गाडीला चढवतं. उतरताना तिला धरून ठेवतात ते ब्रेक.

तुमाकुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव असा एनएच-४८ चा रस्ता सरळ आहे, तिथे तुमचं पाप झाकलं गेलं. आंबोली गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे, आणि तिथून सावंतवाडीकडे उतरताना काहीच झाकता येत नाही. "उतारावर न्यूट्रल टाका, डिझेल वाचतं," हा तुमचा सल्ला मी ऐकला नाही, म्हणून हे पत्र लिहायला शिल्लक आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे माझ्या वडिलांनी मला याच घाटात शिकवलं होतं. मी दुसऱ्या गिअरमध्ये होते. तरी तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर जळका वास आला आणि पेडल मऊ पडत पडत खाली जायला लागलं. रस्ता जरा रुंद झाला तिथे हँडब्रेक ओढून, डोंगराच्या बाजूला चाकं वळवून गाडी थांबवली. मुलांनी चाकाखाली दगड लावले. मागच्या चाकातून धूर येत होता. सावंतवाडीच्या मिस्त्रींनी नंतर ड्रम उघडून दाखवला तेव्हा लायनर संपलेले होते आणि रिव्हेट ड्रमला घासून त्यावर गोल खाचा पडल्या होत्या. ही एका घाटाची झीज नव्हे. ती गाडी तुम्ही कित्येक कुटुंबांना तशीच दिली होतीत.

स्टेपनीच्या कडेवर आकडा होता ३११४. टायरवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१४ सालच्या ३१ व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत होती, रबर मात्र भेगाळलं होतं. हे वाचायला कोणत्याही ग्राहकाला अर्धं मिनिट लागतं. तुम्ही तर मालक आहात.

फोनवर तुम्ही काय सांगितलंत ते सगळ्यांना कळू द्या : "एखाद्या जीपला दोर बांधा आणि टोचन करून खाली न्या." अहो, इंजिन बंद झालं की ब्रेकचं बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. उतारावर दोराने ओढलेली बिनब्रेकची गाडी पुढच्या गाडीच्या पाठीत शिरते, नाहीतर दरीत जाते. दोर फक्त ओढतो, अडवत नाही. टोचन करायचंच तर सपाट रस्त्यावर, मागच्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग चालू असतील तर, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, ताशी २५ किलोमीटरच्या आत. घाटात क्रेनच हवी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे, जिवावर बेतलं तर ११२. हे दोन आकडे तुमच्या गाडीत कुठेही लिहिलेले नव्हते. वायफायचा पासवर्ड मात्र चौकटीत लावला होता.

पलंगाखाली घरगुती वापराचं १४.२ किलोचं लाल सिलिंडर, आणि त्याची नळी प्लायवूडच्या धारेवरून गेलेली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून हवा जायला फरशीजवळ झरोका लागतो. तुमच्या गाडीत तो नव्हता. लहान, ५ किलोचं सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात ठेवून भागतं. त्यावर कडी म्हणजे कोळशाची शेगडी देऊन "थंडी वाजली तर आत घ्या" म्हणालात. बंद गाडीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठत नाही. त्या पलंगावर माझ्या सासूबाई झोपणार होत्या.

आणि शौचालयाची टाकी? "कुठेही ओढ्यात मोकळी करा." आंबोलीला हिरण्यकेशी उगम पावते. तिथल्या देवळाच्या कुंडात सापडलेल्या माशाला २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ती जागा महाराष्ट्राने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिथे तुम्ही मैला सोडायला सांगता! इथे महादेवपुऱ्यात तुम्ही टाकी राजकालुव्यात, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या मोठ्या नाल्यात मोकळी करता, हे तुमच्याच पोऱ्याने सांगितलं. आपल्या भागातले नाले बेळ्ळंदूर आणि वर्तूर तळ्यांकडे जातात. त्या तळ्यांवरचा फेस रस्त्यावर आलेला आणि बेळ्ळंदूरला आग लागलेली साऱ्या देशाने पाहिली आहे. नाले अडले की काय होतं, ते सप्टेंबर २०२२ च्या पुरात आपण कमरेइतक्या पाण्यात उभं राहून शिकलो. एवढ्यावरही अक्कल येत नसेल तर कशाने येणार?

माहितीपत्रकात "बंदीपूरच्या जंगलात रात्रीचा प्रवास" असंही छापलंत. बंदीपूरमधून जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. जंगलात परवानगीशिवाय मुक्काम हा गुन्हा आहे. दंड तुमच्या ग्राहकाला होईल आणि चाकाखाली येईल ते एखादं सांबर.

शेवटी कागद. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात. तुमची पाटी पांढरी, म्हणजे खासगी वापराची. अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते आणि तुम्ही फोन बंद केला असतात.

मला हा धंदा बुडायला नको आहे. माझ्या सासूबाईंनी गेल्या काही वर्षांत लांबचा प्रवास सोडला, तो केवळ वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल की नाही या धास्तीने. दर तासाला थांबावं लागणारी म्हातारी माणसं, तान्ही मुलं, पाठीची दुखणी असलेले लोक, यांच्यासाठी अशी गाडी म्हणजे गावाची वाट पुन्हा मोकळी होणं आहे. म्हणूनच तुमचा राग येतो. जिची त्यांना सर्वांत जास्त गरज, त्याच गाडीवरचा विश्वास तुम्ही घालवता.

केआर पुरम आरटीओत मी लेखी तक्रार दिली आहे. मिस्त्रींचं बिल आणि ड्रमचे फोटो सोबत जोडले आहेत. ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर काट्याची पावती, फिटनेस, काळी पाटी, नवे लायनर, पाच वर्षांच्या आतले टायर, बाहेरच्या कप्प्यातलं सिलिंडर आणि मैल्याची टाकी कुठे रिकामी होते त्याचा पत्ता, एवढं ग्राहकाच्या हातात ठेवा. आणि ग्राहकांनो, किल्ली घेण्याआधी हे सगळं मागा. नाही मिळालं तर आगाऊ रक्कम परत घ्या आणि सरळ रेल्वेचं तिकीट काढा.

कळावे,
महादेवपुऱ्यात राहणारी, सावंतवाडीची एक माहेरवाशीण