रहाटणीचा शुमाकर

कोकणे चौकात सिग्नल पिवळा झाला की पुढचेमागचे सगळे अ‍ॅक्सिलरेटर दाबतात. एकच गाडी ब्रेक मारते. मागचे हॉर्न वाजवून तिच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि मालक आरशात बघून हात जोडतो. अख्ख्या रहाटणीत मोटर रेसिंगचं लायसन असलेला माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस.

सोसायटीत त्याला शुमाकर म्हणतात. खरं नाव आता फक्त लाइट बिलावर उरलंय. वय पन्नाशीला टेकलेलं. रेसिंग सूटची चेन दर सीझनला थोडी जास्त कुरकुरते, त्यावर त्याचं म्हणणं असं की सूट आटतो. तळवड्याला त्याची छोटी शेड आहे. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या कंपन्यांना हा माल देतो. बुश, पिन, स्लीव्ह, असलं काहीबाही. दिवसभर मायक्रॉनमध्ये जगणारा माणूस बोलतोही मायक्रॉनमध्येच. वहिनींनी पोळी जरा जाड लाटली तर म्हणतो, "वरच्या टॉलरन्सला गेलीय."

शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टायरचं प्रेशर गेज. काळेवाडी फाट्याच्या पंपावरचा हवा भरणारा पोरगा त्याला लांबूनच ओळखतो आणि चहाला निघून जातो, कारण "अठ्ठावीस नको रे, साडेसत्तावीस" हा संवाद त्याला झेपत नाही. पार्किंगमधून जाताना शुमाकर कुणाच्याही स्कूटरचं चाक अंगठ्याने दाबून बघतो. जूनच्या पहिल्या सरीआधी सगळ्या गाड्यांचे वायपर तपासणार, ज्यांचं रबर गेलंय त्यांच्या दारात जाऊन सांगणार. कॉलेजच्या पोरांनी हेल्मेट न घालता बाइक काढली की गेटवर आडवा उभा राहणार. "रस्त्यावर पळवतात ते रेसर नसतात रे, पेशंट असतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पोरं हसतात, पण वर जाऊन हेल्मेट आणतात.

त्याची रेसची गाडी म्हणजे मारुती एस्टीम. तेराशे सीसी. भारतात सलून गाड्यांच्या शर्यती आणि रॅली या गाडीने कित्येक वर्षं गाजवल्या. हलकी, काटक, इंजिन हौशी माणसालाही उघडता येईल असं. कंपनीने ती बनवणं बंद करूनही आता बराच काळ लोटला. शुमाकरच्या मते ती बंद झालीच नाही, ती 'सध्या उपलब्ध नाही'. आतल्या सीटा, गालिचे, दारांची अस्तरं काढून टाकलीत, भोवती पाइपचा रोल केज वेल्ड केलाय. पार्ट मिळायचे चिखलीजवळच्या कुदळवाडीत. तिथले भंगारवाले त्याला चहा पाजायचे, आणि जुनी एस्टीम आली की फोन करायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडीतली गोदामं जमीनदोस्त केली. रोजचे चाकरमानी 'बरं झालं, तिथल्या आगी तरी थांबतील' म्हणत होते, तेव्हा हा एकटा सुतकात होता. "माझं स्टोअर गेलं," म्हणाला.

आता शर्यतीचं. देशातल्या कित्येक गाड्या जिथे बनतात, त्या पट्ट्यातल्या माणसाला रेस करायला तमिळनाडूत जावं लागतं. चेन्नईच्या अलीकडे श्रीपेरंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई नावाचं गाव आहे. तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक १९९० पासून आहे. एक फेरी ३.७ किलोमीटरची. त्याआधी या क्लबच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर व्हायच्या. श्रीपेरंबुदूर म्हटलं की सोसायटीतले ज्येष्ठ "राजीव गांधींची हत्या झाली ते?" असं विचारतात आणि शुमाकर दरवेळी न कंटाळता "हो, पण थोडं पुढे" असं सांगतो. त्याच्या दृष्टीने भूगोल अगदी सोपा आहे. वाकडला राष्ट्रीय महामार्ग ४८ पकडायचा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू करत जायचं आणि ट्रॅक आला की उतरायचं. "एकच रस्ता. वळायचंसुद्धा नाही." बाराशे किलोमीटर आहेत, हे तो सांगत नाही. जाऊन-येऊन चोवीसशे, आणि प्रत्यक्ष शर्यत आठ फेऱ्यांची, म्हणजे तीस किलोमीटरही नाही. वहिनींनी हे गणित एकदा दुधाच्या हिशेबाच्या वहीत मांडून ठेवलंय. "पिंपळे सौदागरचा एक वन बीएचके या रस्त्यावर सांडलाय," असं त्या पाहुण्यांना शांतपणे सांगतात.

दुसरी अडचण सुट्टीची. जग शनिवार-रविवारी रेस करतं आणि आमच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी. शुमाकरने त्यातून वाट काढलीय. बुधवारी सेकंड शिफ्ट लावून द्यायची, रात्री एस्टीम चौदा फुटी आयशरवर चढवायची, गुरुवार प्रवासात, शुक्रवारी प्रॅक्टिस, शनिवारी क्वालिफाइंग, रविवारी रेस. सोमवारी परतीच्या वाटेवर हुबळीजवळून कस्टमरचे फोन घ्यायचे आणि माल 'पॅकिंगला आहे' म्हणून सांगायचं.

पण या माणसाचं खरं वेड वेगाचं नाही, पावसाचं आहे. कोरड्या रेसमध्ये आपण कितवे येणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पाऊस आला तर काहीही होऊ शकतं, या आशेवर त्याचा सगळा संसार उभा आहे. १९९३ साली डॉनिंग्टनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत भर पावसात सेना हा ड्रायव्हर पहिल्याच फेरीत पाचव्यावरून पहिला कसा आला, हे तो भेळेच्या कागदावर आकृती काढून दाखवतो. १९९६ साली बार्सिलोनाला खऱ्या शुमाकरने फेरारीसाठी पहिली शर्यत जिंकली, तीही धो धो पावसात, हे सांगताना आवाज खाली येतो. ओल्या ट्रॅकवर नेहमीची लाइन सोडायची, कारण तिथे टायरचं रबर बसलेलं असतं आणि पाणी पडलं की तोच भाग सगळ्यात निसरडा होतो, हा त्याचा मूलमंत्र. लॉबीतली लादी नुकतीच पुसलेली असेल तर शुमाकर मधून चालत नाही. भिंतीला घासून, बाहेरून वळतो.

चेन्नईचं हवामान त्याच्या या आशेला खतपाणी घालतं. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. सह्याद्रीवर रिकामा होतो आणि पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात फारसं काही उरत नाही. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. पण जुलै-ऑगस्टमध्येही दिवसभर रणरणतं ऊन तापतं आणि दुपारनंतर एकदम ढग फुटतात. तेव्हा प्रश्न एकच: टायर कुठले घालायचे? कोरड्यासाठी गुळगुळीत स्लिक, पावसासाठी खाचांचे वेट. चुकलात तर संपलात. बाकीचे लोक हवामानाचं अ‍ॅप बघतात. शुमाकर तीन अ‍ॅप बघतो, गुडघा दाबून बघतो, ट्रॅकबाहेरच्या चहावाल्याला खुणांनी विचारतो, आणि शेवटी खाली वाकून मुंग्या बघतो.

मी त्याच्याबरोबर गेलो होतो त्या रविवारी मुंग्या अंडी घेऊन निघाल्या होत्या. माझ्याकडे छत्री आणि पान्ह्यांची पेटी, म्हणजे मी पिट क्रू. पश्चिमेला काळं दिसत होतं. सगळ्यांनी स्लिक घातले, याने वेट. गाड्या ग्रिडवर लागल्या आणि लख्ख ऊन पडलं. कोरड्या डांबरावर वेट टायर तापतात आणि त्यांचे ठोकळे लिबलिबीत होतात. दुसऱ्या फेरीपासून एस्टीम दर वळणाला तिरकी होऊ लागली. मागून वेगवान गाडी आली की तिला वाट द्या म्हणून निळा झेंडा दाखवतात. त्या झेंड्याशी शुमाकरचा तसा जुना घरोबा, पण त्या दिवशी मार्शलचा हात दुखून आला असेल. आणि सहाव्या फेरीला पाऊस आला. असा तसा नव्हे, आडवा. पुढच्या स्लिकवाल्या गाड्या भोवऱ्यासारख्या गरगरू लागल्या. मार्शलने निसरड्याचा लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा काढला. शुमाकर भिंतीला घासून चालतो तसा बाहेरून वळला आणि सी-वन वळणावर एक, पुढे आणखी एक, अशा दोन गाड्या त्याने ओलांडल्या. मी छत्री टाकून ओरडलो. तेवढ्यात लाल झेंडा. रेस थांबली.

अशी रेस थांबवली की निकाल लाल झेंड्याच्या आधी पुऱ्या झालेल्या फेरीवरून लावतात. दोन्ही ओव्हरटेक कागदावर पुसले गेले.

त्यावर तो चिडला नाही. चिंब भिजून हेल्मेट काढत म्हणाला, "बघितलंस ना? तू बघितलंस ना?" तेव्हापासून सोसायटीत मी त्या दोन ओव्हरटेकचा अधिकृत साक्षीदार आहे. गणपतीच्या आरतीनंतर, कोजागिरीच्या दुधाबरोबर, पाण्याच्या टँकरवरून भांडण सुरू असतानासुद्धा मला उभं करून विचारलं जातं. कुणी खवचटपणे म्हणतो, "पण नंबर कितवा?" "अकरावा." "किती गाड्यांत?" "मुद्दा तो नाही."

परत आल्यावर शेडमध्ये रीतसर व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस होतं, कस्टमरकडे माल रिजेक्ट झाल्यावर लिहितात त्याच छापील फॉर्मवर. समस्या: अकरावा नंबर. का? ग्रिप गेली. का? टायर तापले. का? कोरड्यावर वेट चालवले. का? पाऊस येणार असं वाटलं. का? मुंग्या. मूळ कारण: मुंग्या तमिळनाडूच्या होत्या, त्यांचं वेळापत्रक वेगळं. क्वालिटीला बसणाऱ्या पोरीने खाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'रिपीट कम्प्लेंट'. त्याने ते खोडलं नाही.

त्याचे चुलते, सगळे त्यांना आबा म्हणतात, जुने बैलगाडामालक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली आणि डिसेंबर २०२१ पर्यंत घाट ओस पडले. त्या काळात आबांचं मन रमेना म्हणून शुमाकर त्यांना चेन्नईला घेऊन गेला. धोतर-टोपीतले आबा घाटातलं आपलं घड्याळ घेऊन वळणावर उभे राहिले आणि त्यांनी पुतण्याची प्रत्येक फेरी मोजली. सव्वादोन मिनिटांच्या आसपास. ज्यांचा सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांत आटोपतो त्यांना हे भारीच लांबलं. संध्याकाळी निकाल दिला तो असा: "घाट चांगलाय. पण पुढं घोडी नाही, मग गाडा पळणार कशाच्या मागं? आणि आपल्या गाड्यात माणूस बसतच नाही. तुझ्यात बसतो, म्हणून उशीर होतो." शुमाकरने हे मान खाली घालून ऐकलं. नंतर मला हळूच म्हणाला, "वजनाचं आबा बरोबर बोलले."

निघताना वहिनी दरवेळी आयशरच्या काचेला हळदकुंकू लावतात आणि एकच सांगतात, "नंबर येईल तेव्हा येईल, बंपर जागेवर ठेवा." गेल्या खेपेला बंपर जागेवर होता, पण उजवा हेडलॅम्प, फेंडर आणि एक ड्राइव्ह शाफ्ट चेन्नईलाच राहिले.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या वाड्यात, गोठ्यात, सासरच्या पडवीत जुनी एस्टीम धूळ खात पडली असेल तर रहाटणीत कुणालाही शुमाकर कुठे राहतो ते विचारा. पैसे रोख मिळतील. फक्त फोन करण्यापेक्षा शेडवर या, गुरुवार सोडून. घरच्या नंबरावर वहिनी उचलतात.