मंगळ, शुक्र, रवी

अफवांच्या बाबतीत मी आमच्या घराण्यातला अधिकारी माणूस. २०१६ साली नोटाबंदीनंतर आवई उठली, की दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, ती जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला सापडते. तेव्हा 'चिपला वीज कोण पुरवणार, नोटेवरचे गांधीजी?' असं विचारून मी आतेभावाला गप्प केलं होतं. चंद्रावर वारा नाही, मग झेंडा फडकला कसा, असं कुणी म्हटलं की 'वरच्या कडेला आडवी दांडी होती', हे मी आमटी भुरकता भुरकता सांगतो.

मे महिन्यात आम्ही आठ दिवस कोकणात जाऊन आलो आणि आमचं पाणी गेलं. इमारतीचं नव्हे, फक्त आमचं. सकाळी उठावं तर माळ्यावरची टाकी कोरडी ठाक, आणि शेजारचे शॉवरखाली गाताहेत. मी वही घातली. तीन आठवड्यांत वार पक्के झाले: मंगळ, शुक्र, रवी. पत्रिकेतले ग्रह असते तर शांत करून घेतली असती. पण हे टाकीचे वार होते, म्हणजे काम माणसाचं होतं.

माणूस तयारच होता. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी. सर्वसाधारण सभेत रंगाच्या कोटेशनवरून मी त्यांना तीन प्रश्न विचारले होते. हेतू मिळाला की पुरावे पायांनी चालत येतात. मंगळवारी ते गणपतीला जातात, म्हणजे 'मी घरीच नव्हतो' म्हणायची सोय. शुक्रवारी घरीच असतात, म्हणजे देखरेख. वॉचमन मला पाहून उठला: घाबरला. दुसऱ्या दिवशी उठला नाही: निर्ढावला. प्लंबर फोन उचलेना: सामील. उचलून 'उद्या येतो' म्हणाला: भलताच सामील. शिवाय भर उन्हाळ्यात सेक्रेटरींची तुळस हिरवीगार! वहीत लिहिलं, 'माझं पाणी तिथे जातंय.'

तेवढ्यात त्यांची चिठ्ठी आली: 'आपल्या बाल्कनीतून आमच्याकडे पाणी गळते, कृपया लक्ष द्यावे.' चोराच्या उलट्या बोंबा! 'पाणी' शब्दाखाली मी लाल रेघ मारली.

"अहो, एकदा गॅलरीत जाऊन बघा तरी," बायको म्हणाली. तिची आणि सेक्रेटरीणबाईंची भिशी एकच आहे, हे मला एकदम आठवलं. तिचंही नाव वहीत घातलं. पेनानं लिहायचं धाडस झालं नाही, पेन्सिलीनं लिहिलं.

मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं वही वाचली आणि २, ४, ६ हे आकडे लिहून दिले. "यामागचा नियम शोध. तू आकडे सांग, ते बसतात की नाही ते मी सांगते." मी ८, १०, १२ म्हटलं. बसतात. २०, २२, २४. बसतात. "दोनानं वाढणारे सम आकडे!" मी टाळी मागितली.

"चूक. नियम एवढाच, की आकडे चढते हवेत. १, ७, १०० पण चाललं असतं. बाबा, आपलं चुकतंय का हे तपासणारा एकही आकडा तू विचारला नाहीस. पीटर वेसननं १९६० मध्ये हेच दाखवलं होतं. आता सांग, सेक्रेटरीकाका निर्दोष ठरू शकतील असं एक तरी पान या वहीत आहे?"

मी वही मिटली.

"आणि ऑक्सफर्डच्या डेव्हिड ग्राइम्सनं २०१६ मध्ये हिशेब मांडला होता. चांद्रमोहीम बनाव असती, तर चार लाखांवर माणसांना तोंड बंद ठेवावं लागलं असतं आणि बिंग साधारण पावणेचार वर्षांत फुटलं असतं. तुझ्या कटात तर आपला वॉचमन आहे. पावणेचार तास तरी टिकेल?"

पुढच्या शुक्रवारी सेक्रेटरी सहकुटुंब लग्नाला परगावी गेले. म्हणजे टाकी भरलेली हवी. ती कोरडी! 'रिमोट असणार,' असं मनात आलं आणि माझी मलाच भीती वाटली.

शनिवारी रात्री गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. दोन वाजता जास्वंदीच्या कुंडीमागे 'टक्' वाजलं आणि पाणी खळाळलं. बॅटरी मारली. ठिबकचा टायमर! कोकणात जाताना झाडांसाठी लावलेला. मंगळ, शुक्र, रवी, रात्री दोन. नळी निसटली होती आणि अख्खी टाकी कठड्याखालून वाहत होती. टायमरवर चिकटवलेल्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'कुणीही हात लावू नये.'

बायकोचं नाव सकाळी ती उठायच्या आत खोडरबरानं पुसलं. बाकीच्यांवर काट मारली. खाली लिहिलं: 'कटात सामील: एक.'

एक मुद्दा मात्र माझा पहिल्यापासून बरोबर होता, आणि तो मी अजूनही सगळ्यांना सांगतो. माझं पाणी सेक्रेटरींच्या तुळशीलाच जात होतं.