कसेल त्याची रॅम

स्वस्त लॅपटॉप विकत घेणारा ग्राहक त्या यंत्राचा मालक असतो, हा समज खरेदीच्या पावतीपुरता खरा मानावा. कारण यंत्र पहिल्यांदा सुरू होताच असे दिसून येते की मालकाच्या आधीच तेथे अनेक कुळे नांदत आहेत आणि ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाच्या आधारे रॅम, म्हणजे चालू कामापुरती लागणारी तात्पुरती स्मृती, त्यांनी आपल्या नावावर करून घेतलेली आहे. ब्लोटवेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या आगाऊ सॉफ्टवेअरांत ठरावीक मुदतीपुरता फुकट असलेला अँटिव्हायरस, कोणी न मागितलेले गेम आणि उत्पादक कंपनीचा एखादा ‘असिस्टंट’ यांचा समावेश होतो. यांपैकी शेवटचा वॉरंटी वाढवून घेण्याची आठवण इतक्या निष्ठेने करतो की तो नेमका कोणाचा मदतनीस आहे, याविषयी संशय उरत नाही.

या वस्तीमागे शुद्ध अर्थशास्त्र आहे. स्वस्त लॅपटॉपच्या विक्रीतून कंपनीच्या पदरी पडणारा नफा बेताचाच असतो, आणि आपले सॉफ्टवेअर आधीच भरून ठेवावे म्हणून त्याचे निर्माते तिला पैसे मोजतात. त्यामुळे दुकानातील किंमत थोडी उतरते आणि तो फरक ग्राहक पुढे रोज सकाळी पडद्यावर गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे पाहत वेळेच्या रूपाने फेडतो. कचरा भरण्याप्रमाणे तो काढण्याचेही पैसे होऊ शकतात, हा शोध सोनीने २००८ साली लावला व अमेरिकेत आपल्या व्हायो मालिकेतील काही लॅपटॉपांसाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचा पर्याय सुमारे ५० डॉलरना देऊ केला. लेखापालनाच्या दृष्टीने हा व्यवहार निर्दोष होता. परंतु गवगवा झाल्यावर कंपनीने ते शुल्क तातडीने मागे घेतले. पुढे २०१२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या दुकानांत अशीच सफाई ९९ डॉलरना करून देण्याची सोय केली, म्हणजे दरम्यान या धंद्यात भाववाढही झाली होती.

फुकटात हेच काम करू पाहणाऱ्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. त्यामुळे उघडणाऱ्या टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात, यंत्र जागे होताच आपणहून कामाला लागणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते, आणि त्यातला नकोसा प्रोग्रॅम ‘डिसेबल’ केला की तो यंत्रात राहतो, पण न बोलावता उठत नाही. कायमची हकालपट्टी सेटिंग्जमधील अ‍ॅप्सच्या यादीतून करता येते. अँटिव्हायरस मात्र अनइन्स्टॉल होऊनही अवशेष मागे ठेवतो, आणि ते खरवडण्यासाठी काही कंपन्यांनी वेगळे टूलच काढलेले असल्याने पाहुण्याच्या चिवटपणाची कल्पना यजमानाला आगाऊच मिळते. आपण गेल्यावर विंडोजबरोबर येणारा डिफेंडर आपणहून पहाऱ्याला उभा राहतो, ही गोष्ट मुदत संपल्याचे लाल इशारे देणारा हा पाहुणा कधीच सांगत नाही.

हकालपट्टीलाही मर्यादा आहेत, कारण मंदपणा साठवणीतूनही येतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी ही वेगवान साठवण बसवण्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. पण सर्वांत स्वस्त यंत्रांपैकी अनेकांत ईएमएमसी नावाची मंद साठवण मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, त्यामुळे तेथे पश्चात्तापाखेरीज काही करता येत नाही. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण एवढी आहे, आणि ‘किमान’ हा शब्द इतक्या शब्दशः पाळणारा उद्योग क्वचितच सापडेल.

कोरे विंडोज पेन ड्राइव्हवरून नव्याने टाकणे हा अखेरचा उपाय समजला जातो. बहुतेक यंत्रांत तो लागूही पडतो, कारण परवान्याची किल्ली यंत्राच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये कोरलेल्या मूळ प्रणालीत, असते आणि नवे विंडोज ती स्वतःच वाचते. मात्र त्याच चिपमधून उत्पादकाचा प्रोग्रॅमही विंडोजच्या हाती देता येतो, अशी सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलेली आहे, आणि लेनोवोच्या काही लॅपटॉपांत नवे विंडोज टाकल्यावरही कंपनीचे सॉफ्टवेअर याच वाटेने परत येत होते, हे २०१५ साली उघडकीस आले. कंपनीने ही व्यवस्था बंद करण्याची तयारी दाखवली आणि त्यासाठी ग्राहकांना आणखी एक सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले.