डिस्कवैद्य

सस्काटूनमधल्या कुठल्याही मराठी घरात हार्डडिस्क उघडेनाशी झाली, की आधी डिस्कवैद्यांना फोन होतो. गृहस्थ पोटापाण्यासाठी भलतंच काहीतरी करतात, पण ते काय हे आता कोणी विचारत नाही.

"आवाज येतोय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. वहिनी फोन डिस्कजवळ धरतात. टक्. टक्. टक्.

"वायर काढा."

"भावजी, अजून एकदाच लावून बघते."

"नको! अहो, आत तबकडीवर हेड काही नॅनोमीटरवरून तरंगत असतं. त्याला वाट सापडत नाहीये. दर वेळी लावाल तेव्हा ओरखडा वाढेल."

वहिनी वायर काढतात. फोन ठेवल्यावर पुन्हा लावून बघतात.

हिवाळ्यात वैद्यांना विशेष मागणी. रात्री गाडीच्या ब्लॉक हीटरचा प्लग न चुकता लावून इंजिनाची काळजी घेणारा माणूस त्याच गाडीत, उणे तीसमध्ये, डिस्क विसरतो आणि सकाळी आत आणून सरळ लॅपटॉपला जोडतो. वैद्य बूट काढून दारातच उभे राहतात आणि धुकं धरलेला चष्मा दाखवतात. "हे तिच्या आतही होऊ शकतं. काही तास तशीच ठेवा." मग नळाला हात लावतात. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालून आलेल्या बोटाची ठिणगी डिस्कच्या सर्किटला नको म्हणून. नवख्यांना वाटतं, हात धुवायचे राहिले. एकदा कोणाच्या तरी जावयाने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा इलाज सुचवला. "सस्काटूनला जानेवारीत फ्रीजर कशाला?" वैद्य म्हणाले, "खिडकी उघडा की!"

पुढचा प्रश्न नाजूक असतो. "फॉरमॅट केलंत का?"

शांतता. मग यजमान म्हणतात, "त्यानेच विचारलं, करू का म्हणून. नाही कसं म्हणायचं?"

क्विक फॉरमॅट असेल तर वैद्य धीर देतात: नुसती यादी गेली, फाइल्स बहुतेक जागेवर असतील, फक्त वर नवीन काही लिहू नका. कोणी चेकडिस्क चालवून ठेवलेलं असलं तर मात्र ते चहाही अर्धा ठेवतात. आजारी डिस्कवर दुरुस्तीच्या नावाखाली लिहीत सुटणं त्यांना सोसत नाही. आणि निव्वळ केबल खराब निघाली, तर यजमान आनंदतात, वैद्यांचा चेहरा पडतो. केबल बदलून बरा होणारा पेशंट त्यांना पेशंट वाटत नाही.

खरी केस असली की ती त्यांच्या बेसमेंटमध्ये दाखल होते. तिथे लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावतात. ते आधी धडधाकट भाग उचलून दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, कुठे अडलं त्याची नोंद ठेवतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. हे दिवसेंदिवस चालतं. तेवढे दिवस घरात व्हॅक्यूम क्लीनर बंद. "खाली पेशंट आहे," असं त्यांच्या सौभाग्यवती पाहुण्यांना सांगतात. हेडच गेलं असेल तर मात्र वैद्य हात जोडतात: हे क्लीन रूमचं काम, खर्चिक आहे, पण माझ्या स्क्रूड्रायव्हरचं नाही. हा संयम मला त्यांच्या सगळ्या विद्येपेक्षा मोठा वाटतो.

तिकडे भारतात घड्याळ साडेअकरा तास पुढे, आजींचा फोन ऐन झोपेच्या वेळी: "मुंजीचे फोटो मिळाले का रे?"

मिळतात. फोटोरेक या प्रोग्रॅमने काढलेल्या फोटोंना नावं नसतात, एफपुढे नुसते आकडे. मुंजीच्या मातृभोजनानंतर एकदम वीजबिल, मग नदीवरचा पूल, मग कोणाच्या तरी दाताचा एक्स-रे. व्हॉट्सअ‍ॅपवरची 'शुभ सकाळ'ची गुलाबं तेवढी शंभर टक्के वाचलेली असतात.

पैसे ते घेत नाहीत, चिवडा घेतात. बदल्यात ३-२-१चा नियम ऐकावा लागतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. सगळे माना डोलावतात आणि वाचलेला डेटा एकाच नव्या डिस्कवर घेऊन ती जुनीच्या शेजारी, त्याच ड्रॉवरमध्ये ठेवतात.

तेव्हा तुमची डिस्क टकटकायला लागली तर प्लग काढा आणि वैद्यांना जरूर फोन करा. फक्त "मी काहीच केलं नाही" एवढं म्हणू नका. ते त्यांनी प्रत्येक घरी ऐकलेलं आहे.