पुण्याची मुदत, बुटाचे माप

दिवाळी आली की बालगृहांच्या दारात चिवड्याच्या पाकिटांचा ढीग लागतो. परीक्षेच्या तोंडावर वह्या संपतात, तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. दात्याला पुण्य वसुबारस ते भाऊबीज एवढ्याच मुदतीत हवे असते, आणि त्या धावपळीत मुलाच्या पायाचे माप विचारायला सवड कुठली? म्हणून बूट दोन नंबर मोठे आणि दप्तरावर दात्याचा हसरा चेहरा. तो मुलाने वर्षभर पाठीवर वागवायचा.

वाटप करतानाचा मुलांसोबतचा फोटो कशाला टाकता, असे विचारले की ‘फोटो पाहून आणखी चार जण पुढे येतात,’ हे ठरलेले उत्तर. येतही असतील. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ सांगते की, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणारे छायाचित्र प्रसिद्ध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘काहीच न देण्यापेक्षा बरे,’ हा दुसरा बचाव. पण नको असलेली वस्तू ठेवायला जागा लागते, वाटायला माणूस लागतो, आणि मुलाला वर ‘थँक्यू काका’ म्हणावे लागते. तेव्हा आधी संस्थेकडून यादी मागवावी, मापाचेच बूट घ्यावेत. फोटो हवाच असेल, तर पावतीचा काढावा: नाव दात्याचे, चेहरा कुणाचाच नाही.