पाहूभाऊ

तालुक्याच्या गावाला एक तहसील कचेरी, एक बसस्थानक आणि एक पाहूभाऊ असतोच. पहिल्या दोन गोष्टी सरकार देतं, तिसरी आपोआप उगवते. राळेगावचे पाहूभाऊ साठीला टेकलेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत रेक्झिनची डायरी. दुकान टाकायचं असेल तर सल्ला द्यायला गावात शंभर माणसं मिळतात. पण नाटक बसवावं, पुस्तक काढावं, पिच्चर काढावा असली बिनकामाची खाज कुणाला सुटली, की त्यानं पाहूभाऊंकडेच जायचं. त्यांना स्वतःला ती दर हंगामात सुटते.

सुरुवात नेहमी जोरात. स्टँडजवळच्या टपरीवर आलूबोंड्याची तर्री ओरपता ओरपता भाऊ आवाज खाली घेतात, "एक डोस्क्यात आलं आहे. कोनाले सांगू नका." मग ते स्वतःच सगळ्यांना सांगतात. दुपारपर्यंत नटसंच ठरतो, संध्याकाळी पोस्टरवर कुणाचं नाव वर घ्यायचं यावरून वाद होतो. दुसऱ्या दिवशी डायरी उघडते. इथून पुढे खरा प्रकार.

भाऊंचा हिशेब रुपयांत नसतो, कापसात असतो. पाचशे प्रतींच्या पुस्तकाला साठ हजार धरले आणि लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये, म्हणजे साडेसात क्विंटलांहून थोडं कमी. "पन हमीभाव भेटतो कोनाले?" असं म्हणून ते व्यापाऱ्याचा भाव लावतात आणि आकडा वर सरकतो. सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसात ओल किती हे यंत्र लावून पाहतात. आठ टक्क्यांच्या वर गेली की पैसे कापतात, बाराच्या वर गेली की गाडी परत. भाऊ कल्पनेची ओल अशीच मोजतात. फरक एवढाच, की त्यांच्या केंद्रावर आजवर एकही गाडी आत गेलेली नाही.

कारणं मात्र पोकळ नसतात, हे मान्य केलं पाहिजे. पऱ्हाटी फुटली की वेचायला बाया मिळत नाहीत, तिथं तालमीला कोण येणार? पोळ्याच्या आधी हातात पैसा नसतो, दिवाळीनंतर हातात वेळ नसतो. आणि शेवटचा घाव ठरलेला, "वाचीन कोन?" या प्रश्नापुढे मराठीतले भलेभले प्रकाशक गप्प बसतात, तिथं टपरीवाला काय बोलणार!

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा न निघालेला पिच्चर वाघिणीचा. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या बाजूला अवनीला, वनखात्याच्या भाषेत टी-१ ला, गोळी लागली. तेरा जणांचा जीव तिच्या नावे लागला होता. बाया शेतात जायला धजत नव्हत्या; त्या दिवसांची थट्टा आमच्याकडे कुणी करत नाही. पण तिला शोधायला जे जे आलं ते पाहून भाऊंमधला दिग्दर्शक जागा झाला. हत्ती आले, हैदराबादचा शिकारी आला, इटालियन जातीची कुत्री आली आणि वाघिणीला भुलवायला म्हणून कॅल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन' अत्तर आलं. "पयलाच शॉट बाटलीचा," भाऊ म्हणाले. टपरी गार झाली. एवढं चांगलं त्यांना पुन्हा कधी सुचलं नाही.

मग विचार सुरू झाला. वाघीण बोलते दाखवायची की मुकी? बोलली तर वऱ्हाडी बोलेल का? बोराटीची वाघीण पुणेरी बोलली तर गावात तोंड कसं दाखवायचं? हा एक मुद्दा दोन पावसाळे चालला. २०२१ च्या जूनमध्ये विद्या बालनचा, वाघिणीच्याच शोधावरचा 'शेरनी' आला. भाऊंनी तो पुतण्याच्या मोबाइलवर पाहिला आणि एवढंच म्हणाले, "शूटिंग मध्य प्रदेशात केली. जंगल चुकलं." पराभव त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला नाही. उलट एक निर्णय डोक्यावरून उतरल्याचं समाधान होतं.

यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये साहित्य संमेलन भरलं, तेव्हाही कविता पाठवावी का यावर खल चालू होता. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगलांचं निमंत्रण मागे घेतल्यावर भाऊंना बहिष्काराचं उत्तम निमित्त मिळालं. न पाठवलेल्या कवितेनं बहिष्कार टाकल्याची मराठीतली ती बहुधा एकमेव नोंद. पण उद्घाटनाला उभ्या राहिल्या शेजारच्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे, शेतकऱ्याची विधवा, 'तेरवं' नाटकात काम करणाऱ्या. ते पाहून परत आल्यावर भाऊ बराच वेळ चहात साखर ढवळत बसले.

"त्या बाईनं इचार नाई केला. उभी झाली," ते म्हणाले.

"मंग तुमी?"

"मी इचार करून राह्यलो ना."

घरच्या वहिनी या सगळ्याला सरावल्या आहेत. "तुमचं ठरलं की आवाज द्या, तवर मी वावरातून येतो," म्हणून त्या निघतात. वेचणीचा हिशेब त्याच डायरीच्या मागच्या पानांवर लिहितात. तो दरवर्षी पुरा होतो.

सध्या भाऊंच्या डोक्यात झडत्या आहेत. पोळ्याला तोरणाखाली बैलं उभी राहिली की म्हणतात त्या. जुनी माणसं चालली, बैलं कमी झाली, कुणीतरी गोळा करायला हव्यात. विषय एकदम बावनकशी. गोळा करायचीही गरज नाही, कारण निम्म्याअधिक भाऊंना तोंडपाठ आहेत. यंदा पोळ्याच्या आधी कॉलेजच्या पोरांनी एका झडतीची रील टाकली. भाऊंनी ती पाहिली, परत पाहिली. "तिसरी ओळ चुकली. आन दोन ओळींच्या मधात एक सुटली," म्हणाले.

हे पोरांच्या कानावर गेलं आणि ती मोबाइल घेऊन टपरीवर हजर झाली. एकानं कॅमेरा लावला, दुसऱ्यानं पोह्यांच्या प्लेटा बाजूला सारल्या. "काका, तुमी म्हना फक्त. पाच मिनिटं."

भाऊंनी कॉलर नीट केली. घसा खाकरला. तोंड उघडलं. मग थांबून विचारलं, "उभी धरतं का आडवी?"

"उभीच असते काका रील."

"उभ्यात बैल मावत नाई बे," भाऊ म्हणाले आणि डायरी काढली. "पाहू. पोळा होऊ दे."